टॅपेट कव्हरवरचे फोड

अंबडच्या कारखान्यांच्या गर्दीत धनराज पगारची पावडर कोटिंगची शेड शोधायला पत्ता लागत नाही. कुणाही गॅरेजवाल्याला विचारावं, तो हात करून वाट दाखवतो आणि वर सांगतो, की माणूस कामाला सोन्यासारखा आहे, पण जिभेला तिखट.

धनराज मूळचा कळवणचा. इंजिनाचा भाग हातात आला की आधी त्याचं तेल उतरवायचं, मग वाळूच्या माऱ्याखाली जुना रंग घालवायचा, आणि मग रंगाची पावडर मारण्याआधी तो रिकामाच भट्टीत भाजायचा. ही भाजायची पायरी पुष्कळ जण गाळतात. ओतीव अ‍ॅल्युमिनियम वरून कितीही लखलखीत दिसलं, तरी वर्षानुवर्षं प्यायलेलं तेल त्याच्या पोटात असतं. ते आधी बाहेर काढलं नाही, तर भट्टीत पावडर वितळून रंग बसताना तेच उसळून वर येतं आणि रंगावर फोड उठतात. फोड आलेला नग धनराजच्या शेडबाहेर जात नसे. तो मागच्या मांडणीवर ठेवायचा, आणि मांडणीवरचं सगळं सवडीने केमिकलमध्ये बुडवून पुन्हा कोरं करायचं. त्यात कुणी कुणाला विचारायचं नाही, असा नियम. त्याचा जुना साथीदार बहिरू हा नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळायचा.

धनराजची एकुलती एक मुलगी वैष्णवी कॉलेज सुटल्यावर शेडवर यायची. आली ती बिलं करायला आणि रमली पावडर मारायच्या बंदुकीत. सगळ्याची घाई. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं बाप तिला येताजाता चिडवायचा. शेडमागे उभी असलेली त्यांची जुनी एस्टीम मोटार दोघं मिळून दुरुस्त करत होते. बापाचा जीव होता पोरीवर, पण तो ओरडल्याशिवाय दाखवायची विद्या काही त्याला आली नाही.

दसऱ्याच्या तोंडावर धनराज भावकीतल्या कार्याला कळवणला गेला. वैष्णवीने ठरवलं, की पप्पा येईपर्यंत एस्टीमच्या इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, रंगवून बसवायचं, म्हणजे दसऱ्याला गाडीची पूजा थाटात होईल. बहिरूला तिने दम दिला, काका, तुम्ही हात लावायचा नाही, हे माझं एकटीचं काम. बोल्टची भोकं तिने नीट बंद केली, पावडर एकसारखी मारली. भाजायचं मात्र गाळलं, कारण दसरा उद्यावर आला होता. लाल रंग चढला सुरेख, पण गोवर आल्यासारखा.

धनराज आला. तिने ओढणीआड लपवलेलं कव्हर पुढे केलं. त्याने ते उजेडात धरलं, तेलाच्या झाकणाजवळच्या मोठ्या फोडावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "याला काम म्हणतात? लोकांना दाखवायची लाज वाटेल मला. ठेव मांडणीवर."

पोरीने बापासाठी काही केलंय ते आधी बघावं, फोड नंतर मोजावेत, एवढं साधं शहाणपण त्या दिवशी त्याच्यापाशी नव्हतं. कारागिराच्या नजरेला सगळे नावाजतात, पण कधीकधी त्या नजरेला नुसती खोटच दिसते, आणि हे काही कौतुकाचं नाही. वैष्णवीने कव्हर मांडणीवर ठेवलं. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला तो बॉनेट न उघडताच. घरी जाताना मात्र ती आपणहून म्हणाली, "पुढच्या खेपेला आधी भाजते, पप्पा." त्याने नुसतं हं केलं.

दिवाळीनंतर तिला डेंग्यू झाला. ताप आला, रक्तातल्या पेशी घसरत गेल्या, आणि आठवडाही पुरा झाला नाही तोच पोर गेली.

धनराज शेडवर जाईना. बहिरूने एकट्याने काम ओढलं. घरात धनराज आणि त्याची बायको संजना एकमेकांची नजर चुकवत वावरायचे. एका सकाळी संजना कपाट उघडून बसली होती. ड्रेस, पर्स, कानातलं, सगळं दुकानातून आणलेलं. पोरीला ना विणकामाची आवड होती, ना स्वयंपाकाची. संजना म्हणाली, "अहो, तिच्या हातचं म्हणून घरात काहीच नाही हो."

धनराज ताडकन उठला. आहे, तो म्हणाला, शेडवर आहे, आत्ता घेऊन येतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला कुठेतरी जावंसं वाटलं. वाटेत त्याला ते फोड एकेक आठवत होते. ती चूक म्हणजे तिच्या हातची खूण होती, दुसऱ्या कुणालाही तशी जमली नसती. आता ते कव्हर तो छातीशी धरणार होता, आणि तेव्हा जे म्हणायला हवं होतं ते निदान त्या कव्हरला तरी म्हणणार होता.

मांडणी रिकामी होती.

बहिरू आतून आला. त्याच्या हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने कापड सोडलं. लाल रंग आरशासारखा झळकत होता.

"शेठ, आपल्या वैशूचं काम अर्धं राहिलं व्हतं," बहिरू म्हणाला. "म्हनलं, आपन पुरं करू. सगळं उतरवलं, दोनदा रिकामं भाजलं. तुमी शिकवलं तस्संच. हात लावून बघा, एक तरी फोड घावतो का."

धनराजने कव्हर घेतलं. तेलाच्या झाकणाजवळ त्याचं बोट गेलं, तिथून कडेला, कडेवरून खालच्या बाजूला. कुठेतरी एखादा राहिला असेल, टाचणीच्या टोकाएवढा का होईना, म्हणून तो पुन्हा पुन्हा चाचपत राहिला. ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडणार? बहिरूने एकही पायरी गाळली नव्हती. मांडणीचा नियम धनराजचा, शिकवण त्याची, आणि ते कव्हर तिथे ठेवायला सांगणाराही तोच.

बहिरू त्याच्या तोंडाकडे बघत उभा होता. त्या म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

"नाही रे बहिरू," धनराज म्हणाला. "एकही नाही."