गरुडाची मर्जी

सॅबिडियसला रोमन पलटणीचा गरुड, म्हणजे तिचं निशाण, वाहायला मिळाला तो छातीमुळे. छाती रुंद होती. आत फारसं काही नव्हतं. बाप डुकरं राखायचा. पण काठीच्या टोकावरचा तो सोनेरी पक्षी खांद्यावर आला, आणि सॅबिडियसला बाप आठवेना. पक्ष्याच्या वाढदिवशी, म्हणजे पलटण उभी राहिली त्या दिवशी, तो त्याला तेल चोळी, हार घाली, आणि शिपायांकडे असा बघे, की जणू त्या पक्ष्याचं अंडं त्यानेच उबवलं होतं. लढाईत गरुड नेहमी मधोमध, म्हणून सॅबिडियसही मधोमध. इतक्या वर्षांत अंगावर ओरखडा नाही.

त्या हिवाळ्यात ऱ्हाईन नदीपलीकडच्या रोमन चौकीला जर्मनांनी वेढा घातला. पलटण मदतीला निघाली, पहिला मुक्काम नदीकाठी पडला. मुक्कामाला काठी जमिनीत रोवायची आणि निघताना एका हिसक्यात उपटायची, असा रिवाज. निघाली नाही तर अपशकुन. म्हणून शहाणा माणूस ती कोरड्या जागी रोवतो. सॅबिडियसने ती सेनापतीच्या तंबूसमोर चिखलात खोल रोवली. तिथे गरुड छान दिसत होता, आणि शेजारी तोही.

सकाळपर्यंत चिखल गोठून दगड झाला. त्याने हिसका दिला. काठी हलली नाही. दुसरा दिला, तिसरा दिला.

"काय रे," शंभर शिपायांचा नायक व्हेटिडियस ओरडला, "सासरी निघालेल्या पोरीसारखी अडून बसली का?"

मागे हशा पिकला. सॅबिडियसला त्या थंडीत घाम फुटला. माती गोठली म्हणावं, तर जागा त्यानेच निवडलेली. गरुड त्याच दिवशी दुसऱ्याकडे गेला असता. त्याने डोक्यावरचं निशाणवाल्याचं अस्वलाचं कातडं नीट केलं आणि सेनापतीकडे वळला.

"साहेब, आज गरुडाची मर्जी नाही."

हशा थांबला.

"मर्जी कसली डोंबलाची!" व्हेटिडियस म्हणाला. "गरम पाणी ओता बुडाशी. तिकडे आपली माणसं मरतायत."

"ओत की. देवाला जाब मात्र तू दे."

सेनापती देवाला भिणारा. त्याने कूच थांबवलं. नदीपलीकडे धूर चढत गेला आणि सगळे तो बघत बसले. दुपारी ऊन पडलं, माती सुटली, काठी अलगद हातात आली.

"प्रसन्न झाला!" सॅबिडियस गरजला, आणि त्या मेंढरांनी जयजयकार केला.

पलटण पोचली तेव्हा चौकी जळून गेली होती. भिंतीशी नॉटियस एकटा जिवंत होता, एकेकाळी सॅबिडियसच्याच तंबूत राहिलेला.

"धूर दिसला नाही का रे तुम्हाला?"

"दिसला. पण गरुड निघेना."

नॉटियसने आधी पक्ष्याकडे पाहिलं, मग सॅबिडियसकडे. "म्हणजे याला विचारत बसला होतात?" तो थुंकायला गेला, पण तोंड कोरडं पडलं होतं.

सॅबिडियस मागे सरकला. काठीला राख लागत होती.

गरुडाचं मन ओळखतो म्हणून सेनापतीने त्याला पलटणीसमोर चांदीचं कडं दिलं. कडं घट्ट होतं. त्याने ते दाबून दाबून चढवलं.