रत्नम्माच्या शेजारची जागा

उजमा शेख मूळची उदगीरची. वडील गुलाम रसूल यांचा तिथं फोटो स्टुडिओ होता. कॅमेरा धरायला ती त्यांच्याकडंच शिकली आणि पुढं पाण्याचं काम करणाऱ्या एका परदेशी संस्थेसाठी देशोदेशीच्या बायकांचे फोटो काढत फिरू लागली. इथिओपियात पाठीवर पाण्याचे डबे बांधून चढण चढणाऱ्या बायका, ताजिकिस्तानात छपरावर जर्दाळू वाळवणाऱ्या. ‘इथं बसा, असं हसा’ हे ती कुणालाच सांगत नसे. कुठं बसायचं ते बाईनं ठरवायचं.

नेपाळात, भूकंपात पडलेल्या एका डोंगरगावात, एक बाई बाकाच्या अगदी टोकाला बसली. उरलेला बाक मोकळा. उजमाच्या कॅमेऱ्याला चेहरा सापडला की पडद्यावर हिरवी चौकट उमटते. ती बाईच्या तोंडावर आली, थरथरली आणि सरकत जाऊन मोकळ्या बाकावर थांबली. उजमानं कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला. चौकट तिथंच. हैदराबादला तपासून घेतला, तर बिघाड काहीच निघाला नाही. ही गोष्ट तिनं घरी कुणाला सांगितली नाही.

दोन वर्षांनी संस्थेनं तिला लातूर जिल्ह्यात पाठवलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं एक गाव. भर दुपार, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. नळाचं पाणी आलेल्या घरांत पहिलं घर रत्नम्माचं. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. ती बाजेवर बसली ती एका कडेला, अंग चोरून, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी.

“अम्मा, अशा कडेला का बसलाव?”

“नागू बसलीय न्हवं,” रत्नम्मा सहज म्हणाली. “माझी लेक. भूकंपात गेली.”

“किती वर्षांची होती?”

“तवा सात. आता तुझ्याएवढी झाली.”

उजमानं कॅमेरा डोळ्याला लावला. हिरवी चौकट रिकाम्या जागेवर उमटली. लहान पोरीच्या उंचीवर नाही. बसलेल्या मोठ्या बाईचं तोंड जिथं येईल, बरोबर तिथं. उजमानं बटण दाबलं. फोटोत बाज होती, भिंत होती आणि एकटी रत्नम्मा होती.

फोटोच्या संमतीच्या कागदावर रत्नम्मानं अंगठा उठवला. मग कागद बाजेच्या मोकळ्या बाजूला ठेवून ती जरा थांबली आणि परत दिला. त्यावर एकच अंगठा होता. उजमानं तो दोनदा निरखून पाहिला.

चार दिवसांनी ती फोटो छापून घेऊन गेली. रत्नम्मानं तो उन्हाकडं धरला, डोळे बारीक केले आणि चुकचुकली.

“हिनं डोळे मिटले की गं. परत काढ.”

उजमाला पळून जावंसं वाटलं. पण रत्नम्मा पदर सारखा करून बसलीही होती. उजमानं कॅमेरा उचलला. चौकट त्याच जागी. तिकडं बघून उजमा हळूच म्हणाली, “नागू, डोळे उघडे ठेव, बहन.”

तिनं बटण दाबलं. नवा फोटो छापून आल्यावर रत्नम्मानं तो बराच वेळ पाहिला. “आता बरी आली,” एवढंच म्हणाली आणि तिनं तो भिंतीतल्या देवळीत शिवलिंगापाशी ठेवला.

संस्थेच्या अहवालासाठी उजमानं तोच फोटो दिला. खाली लिहिलं : रत्नम्मा आणि तिची मुलगी नागू. कचेरीतून फोन आला, “मुलगी कुठाय? ती मोकळी बाजू कापू का?”

“कापू नका,” उजमा म्हणाली. “आईनं दोघींची संमती दिली आहे.”

फोटो तसाच छापला गेला. उजमा अजून हेच काम करते. मागच्या महिन्यात मलावीत होती. तिथं एक म्हातारी चटईवर बसायला आली, तेव्हा कॅमेरा काढायच्या आधी उजमानं दुभाष्याला सांगितलं, “आजीला विचार, किती जणी बसणार आहेत?”

दुभाषा हसला. म्हातारी हसली नाही. तिनं तीन बोटं दाखवली.