सास्तूरच्या वाटेवरचे शेंगोळे

अक्का तापातून उठली, पण अन्नावरची वासनाच उडाली आहे, असा सास्तूरहून निरोप आला. आई गेल्यावर मला हाताने भरवून वाढवले ते अक्काने. सोलापूरच्या शाळेतून आठ दिवसांची रजा काढली, दोन शेर आंबेमोहोर बांधून घेतला आणि निघालो. तिला पोटभर जेवताना पाहिल्याशिवाय परतायचे नाही, हे पक्के केले होते. मला साधा भातही शिजवता येत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

मोगलाईची (निजामाच्या मुलखाची) हद्द लागली तशी नाक्यावर मोटार थांबली. लढाईचे दिवस, धान्य इकडचे तिकडे न्यायला बंदी. वर्गाला गप्प करणारा माझा आवाज मी तिथे लावून पाहिला, आजारी बहिणीचेही सांगितले.

"चावल इथंच राहील मास्तर, तुम्ही जावा," अंमलदार अदबीने म्हणाला. तांदूळ राहिला आणि मी रिकाम्या हाताने पुढे गेलो.

नळदुर्गाहून शिवप्पाची बैलगाडी मिळाली. दोन्हीकडे ज्वारी कणसात आली होती, पण माझे लक्ष कशातच नव्हते. माझे उतरलेले तोंड पाहून शिवप्पाने लोहाऱ्यात गाडी थेट आपल्या घरी नेली. त्याच्या आईने, गुरव्वाने, सगळी हकिकत ऐकून घेतली.

"तांदूळ गेला तर जाऊ द्या," ती म्हणाली. "घरात हुलग्याचं पीठ हाय, लसूण हाय, मिरची हाय. आनि काय लागतंय?"

ती शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची वळून रश्श्यात शिजवलेली कडी) करायला बसली.

"मला शिकवा," मी म्हणालो.

"मास्तर चुलीपुढं बसनार व्हय?" शिवप्पा हसला.

"बसणार."

माझे एक कडे करंगळीएवढे, तर दुसरे मनगटात जाईल असे. वळून संपले तेव्हा मी परात आणि हात स्वच्छ धुतले आणि ते पाणी ऐटीत अंगणात भिरकावले.

गुरव्वाचा हात चुलीपाशी थांबला. "रस्सा फेकलासा की ओ. पिठाच्या हाताचं पानी भांड्यात घालायचं असतंय. त्यानंच दाटपना येतोय."

रस्सा खरेच पातळ झाला. मी मान खाली घालून दोन वाट्या प्यायलो. निघताना तिने पीठ फडक्यात बांधून दिले.

सास्तूरला अक्का भिंतीला टेकून बसली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला रडू आले, ते मी धुराच्या नावावर खपवले, कारण तोवर तिच्या सासूबाईंचा संकोच न जुमानता चूल पेटवली होती. अक्का पाहत होती.

"शेंगोळे करतोयस का बैलाच्या वेसणी?"

मी पीठ लागलेले हात परातीतच धुतले आणि ते पाणी थेंबही न सांडता रश्श्यात ओतले. अक्काने एक वाटी संपवली आणि रिकामी वाटी माझ्यापुढे धरली.

"आनखी हाय का रे?"

तीन दिवस दोन्ही वेळा मीच रांधले. तिसऱ्या दिवशी तिने पीठ माझ्या हातातून काढून घेतले आणि स्वतः वळायला बसली.

परतताना नाक्यावर तोच अंमलदार. मला ओळखून त्याने विचारले, "बहीण कशी हाय मास्तर?"

"जेवते," मी म्हणालो. तांदळाचे विचारायचे राहून गेले, हे मोटार सोलापुरात शिरल्यावर आठवले.