पगडीपुढं तीन दिवस

१९१९ साल. मी वीस वर्षांचा, आणि आमच्या गावात, पोशेऱ्यात, दोन इयत्ता शिकलेला मी एकटाच. सही करता येत असल्यामुळं मी बैलांमागं जायला नाही म्हणायचो. थोरला भाऊ म्हणायचा, तुझं बूड कुठं टिकायचं नाही. एकदा वहिनीदेखत म्हणाला. मी ताटावरून उठलो. म्हटलं, कामाला चिकटल्याशिवाय तुझ्या चुलीवरचं खाणार नाही. बोललो ते बोललो. अर्धी राहिलेली भाकरी मात्र जव्हारपर्यंत डोळ्यांपुढं होती.

जव्हारला एका अंमलदाराच्या दाराशी शिपाई म्हणून लागलो. काम एकच, उभं राहायचं. साहेब दुपारी पगडी खुर्चीवर ठेवून आतल्या खोलीत झोपायचे आणि आम्ही त्या पगडीपुढं हात बांधून उभे. तिसऱ्या दिवशी मी भुईवर बसलो. कारकून धावत आला.

"बसलास का रे?"

"साहेब नाहीत."

"पगडी आहे ना."

"मग पगडीनं उठवलं की उठतो."

मी म्हणतो, मी नोकरी सोडली. कचेरीतले म्हणतात, काढला. आतून घोरणं चालूच होतं.

मग एका किराणा दुकानात लागलो. मालक गिऱ्हाइकाशी गुळासारखा बोलायचा आणि आमच्याकडं वळला की मिरची. दोन दिवसांत तेही सुटलं. आता घरी जायचं तर भाऊ दारातच हसत उभा असणार. त्यापेक्षा मोखाड्याकडं चाललो.

वाटेत रस्त्याची खडी फोडणारी टोळी भेटली. मुकादम म्हातारा, तोंडात तंबाखू. सगळ्यांना सारख्या शिव्या द्यायचा, आणि माणसं त्याला तितक्याच परत द्यायची. मी सांगितलं, मला लिहिता येतं. तो म्हणाला, खडीला वाचता येत नाही. हातोडा दिला.

दुपारी म्हणाला, आज भाकऱ्या तू थापायच्या. मी म्हटलं, मी शिकलेला माणूस, हे बायकांचं काम. तो म्हणाला, इथं बायका नाहीत, नि नवा येतो तोच पहिले आठ दिवस थापतो. तो स्वतः आला तेव्हा त्यानंही थापल्या होत्या. माणसं हसली. मी घोंगडी खांद्यावर टाकली, चार पावलं गेलो. पुढं पोशेऱ्याची वाट, वाटेच्या शेवटी भाऊ. परत वळलो. घोंगडी आपटली नि पिठापुढं बसलो.

पीठ इतकं सैल झालं की हाताला चिकटून कोपरापर्यंत आलं. भाकऱ्या निघाल्या, पण भाकऱ्या म्हणायला धाडस हवं. एक वाकडी, एक जळकी, एकीचे चार तुकडे. मुकादमानं आधी सगळ्यांना वाढलं, चांगल्यातल्या चांगल्या त्यांच्यापुढं टाकल्या. तुकडे नि जळकी उरली. ती घेऊन तो माझ्याच शेजारी दगडावर बसला आणि चावत राहिला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. आता कामावरून काढतो की मग काढतो.

शेवटचा घास गिळून तो म्हणाला, "उद्या पाणी कमी घाल, भडव्या."

'उद्या' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो, चूल पेटवली, आणि पिठात पाणी चुळकाचुळकानं घातलं.