उतारावरचा सुभेदार

फौजेने मोडीत काढलेली प्रत्येक वस्तू आपल्याच आखाड्याची वाट पाहत असते, असं मनापासून मानणारा माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात एकच आहे, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. बोरीजवळ, ओढ्यापलीकडच्या त्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरापाशी, फौजेच्या लिलावातले दोन ट्रक असतात. हिरवा फौजी रंग खासगी गाडीला चालत नाही, म्हणून त्यांनी ते स्वतः निळे रंगवले. उरलेला रंग दाराला, पाण्याच्या टाकीला आणि मी आरडाओरडा करेपर्यंत माझ्या स्कूटरलाही लागला. एकाचं नाव सुभेदार, दुसऱ्याचं शिपाई. सुभेदार चालतो, शिपाई त्याला आपले अवयव दान करत विटांवर बसला आहे. सुटा भाग बाजारात मिळत नाही. मग साडू शिपायापुढे हात जोडून "माफ कर बाबा" म्हणतात आणि पाना लावतात. बॅटरी कायम अर्धमेली, त्यामुळे सुभेदार उभा राहणार तो उतारावरच. सपाटीला इंजिन बंद करायचंच नाही. सेलूच्या जिनिंगवर कापूस उतरेपर्यंत त्यांनी एकदा गाडी दुपारभर घुरघुरत ठेवली होती. डिझेल जळतंय म्हटलं, तर म्हणाले, "जळू द्या, पावनं. फौजी हाय त्यो. निजला की उठत न्हाई."

माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, या संसारात कशी टिकली हे तिलाच ठाऊक. "बैलं इकून लोखंड आणलं आन् त्याला वैरण बी डिझेलची," असं ती येईल त्याला ऐकवायची. पण दावणीला बैल नसले म्हणून पोळा थोडाच चुकतो? तो मान सुभेदाराचा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात, ती खांदमळणी अक्का करायची. तोंडाने शिव्या, हाताने तूप. ट्रकचा खांदा नेमका कुठला, यावर नवरा-बायकोचं दरसाल भांडण. गेल्या पोळ्याला साडू बाहेर गेलेले पाहून तिने बॉनेट उघडलं आणि जो जो भाग राबणारा वाटला त्याला मनसोक्त तूप चोळलं. सणाच्या दिवशी सुभेदाराच्या दिव्यांना बाशिंग, आरशांना गोंडे आणि दिवसभर सक्तीची विश्रांती. त्या दिवशी कोणी औताला हात लावत नाही, तसे साडू किल्लीला लावत नाहीत.

त्याच पोळ्याला मी आणि बायको पुरणपोळीला गेलो तेव्हा ओढ्यात घोटाभर पाणी होतं. दुपारी वरच्या अंगाला पाऊस झाला आणि ओढा वाटेवरच्या फरशीपुलावरून गढूळ होऊन धावू लागला. त्याच वेळी गोवऱ्या काढताना अक्काला घोणस चावली. पाय डोळ्यांदेखत सुजत चालला. दवाखाना पलीकडे, बोरीत. साडूंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी किल्ली घेतली, सुभेदाराच्या कपाळावर हात टेकला आणि म्हणाले, "सणाला जुपायलोय. राग धरू नको." त्यांच्या म्हाताऱ्या आईजवळ माझी बायको थांबली, आणि अक्काला मधे घेऊन आम्ही निघालो.

चिखलात गाडी कण्हत होती. एकाएकी बॉनेटखालून किंचाळी सुरू झाली आणि इंजिनच्या उष्णतेचा काटा तांबड्यात शिरला. ओढ्याच्या उतारावर साडूंनी ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि उडी मारून बॉनेट उघडलं.

"पंख्याच्या पट्ट्याला तूप कुनी लावलं?"

"म्याच," अक्का कण्हत म्हणाली. "समद्यात जास्त त्योच पळतो. त्याला कोरडं ठिवायचं व्हय?"

एरवी मी हसून लोळलो असतो. डोक्याचा नवा कोरा फेटा सोडून साडू पट्टा पुसत राहिले. समोर पाणी वाढतच होतं. मग किल्ली फिरवली. बॅटरीने नुसता सुस्कारा टाकला. आता एकच उपाय होता. गाडी उतारावरून सोडायची आणि वेगात गिअर टाकायचा. पण उतार संपत होता तो थेट पाण्यात.

"चालू नाही झाली तर?" मी विचारलं.

"दुसरी वाट असली तर सांगा, पावनं."

ब्रेक सुटला. गाडी घरंगळत निघाली. पहिला हिसका बसला, इंजिन गप्प. पुढची चाकं पाण्यात गेली. माझ्या हातातला अक्काचा हात थंडगार होता आणि मी ठाऊक असलेल्या सगळ्या देवांना हाका मारत होतो. दुसऱ्या हिसक्याला सुभेदार खाकरला, धूर ओकला आणि गरजला. मधोमध मागची बाजू प्रवाहाबरोबर सरकली, पुन्हा जागेवर आली, आणि आम्ही पलीकडच्या चढाला लागलो.

बाशिंग बांधलेला ट्रक दवाखान्यात शिरला तेव्हा लोकांना वाटलं, वरात आली. डॉक्टरांनी अक्काला लगेच आत घेतलं. संध्याकाळी म्हणाले, "वेळेत आणलंत, आता काळजी नाही." आम्ही तिच्या खाटेपाशी बसलो. तिला झोप लागलेली पाहून साडू माझ्या कानाशी वाकले.

"गाडी सोडली तवा म्या डोळे मिटले हुते, पावनं. मला बघवंना. तिला सांगू नका."

"मला ठावं हाय," खाटेवरून आवाज आला. "म्या उघडे ठिवले हुते. तुमच्याकडंच बघायले हुते."

साडूंनी डोळे पुसायला फेट्याचा शेमला शोधला, तो नव्हताच. अक्काने पदर पुढे केला. मी हळूच उठून बाहेर ओट्यावर आलो. ओढा अजून उतरला नव्हता, आणि पलीकडे आखाड्यावर अडकलेल्या माझ्या बायकोची मला फार आठवण येऊ लागली.