सांग, कोठे गेला?

शेणाने सारवलेली जमीन उन्हात सुकू लागली की तिला एक विशिष्ट वास येतो. ओल्या गवताचा, मातीचा, आणि या दोहोंच्या तळाशी दडलेल्या किंचित धुराचा. सकाळच्या कोवळ्या प्रकाशात तो वास तळपायांपासून हळूहळू वर चढत येतो, आणि त्याच्या मागोमाग मला एक नाद ऐकू येतो: कॉफीच्या पितळी टंबलरमध्ये चेंडू पडल्याचा. गोल्फ म्हटले की इतरांच्या डोळ्यांपुढे कातरलेली हिरवळ आणि पांढऱ्या टोप्या येत असतील. माझ्यासाठी मात्र त्या खेळाचा गंध शेणाचा आहे आणि त्याचा सूर पितळेचा.

ती जमीन यमुनाक्काच्या खळ्याची. नात्याने ती माझ्या आईची मावसबहीण, पण लहानथोर सगळेच तिला अक्का म्हणतात. नवरा सैन्यात होता, आणि निलगिरीतल्या छावणीत धुक्याने भरलेल्या दुपारी सरता सरत नसत म्हणून तिने सहज हातात घेतलेला गोल्फचा दांडू, म्हणजे क्लब, पुढे तिला देशभर घेऊन गेला. देशातल्या स्त्रियांचे अजिंक्यपद तिने एकदा नव्हे, अनेकदा मिळवले. ते करंडक आज तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहेत. एकात धणे असतात, एकात सुया-दोरे, आणि सर्वांत मोठ्यात मांजर बसते. नवरा गेल्यावर ती तंजावरला परतली आणि वेण्णार नदीपलीकडे वडिलांच्या भातशेतीत राहू लागली. आसपासच्या गावांत तिला 'दांडूवाली अम्मा' म्हणतात, आणि तिला ते नाव करंडकांपेक्षा अधिक आवडते असा माझा समज आहे.

मी तिच्याकडे गेले ती उडीद आणायला. भाताच्या कापणीनंतर त्याच शेतात पेरलेला उडीदही निघाला होता, आणि आईने पिशवी देऊन मला पाठवले होते. वैशाखातली सकाळ होती. कालवे कोरडे पडलेले, माडांच्या झावळ्या निश्चल, आणि दूरवर, तंजावरच्या घरांच्या वर, मोठ्या देवळाचे शिखर अजून गुलाबी. रिकाम्या, भेगाळलेल्या शेताच्या बांधावर एक साठीची बाई सुती सलवार-कमीज आणि सैनिकी टोपी घालून उभी होती. तिचा देह एकदा वळला आणि उलगडला, जणू वाऱ्याने पडदा आत ओढून घेऊन परत सोडला, आणि काहीतरी पांढरे त्या शिखराच्या दिशेने इतका वेळ आकाशात राहिले की मी पिशवी खाली ठेवली. त्या हालचालीत कोणाला काही दाखवण्याची इच्छा नव्हती. मला वाटते, मी मोहात पडले ती त्या एका गोष्टीच्या.

कारण माझे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर लिहिलेले होते. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तमिळ आणि घरात आमची जुनी, तमिळच्या हेलकाव्यांत डुलणारी मराठी. या तिन्ही भाषांत गप्प बसण्याची मला सारखीच सवय होती. बोलण्याआधी मी समोरच्याचा चेहरा वाचायची, बोलल्यावर पुन्हा वाचायची, आणि माझे वाक्य चांगले होते की वाईट हे तिथून समजून घ्यायची. कॉन्व्हेंटमध्ये पाठांतराच्या स्पर्धेत एकदा परीक्षक बाईंनी नुसते घड्याळाकडे पाहिले आणि माझ्या तोंडची पुढची ओळ कायमची नाहीशी झाली. भुवई, ओठांचा कोपरा, मानेची किंचित हालचाल, यांच्या लिपीत मी देवनागरीच्या कितीतरी आधी साक्षर झाले होते.

अक्काने हे पहिल्याच दिवशी ओळखले असावे. तिने माझी बोटे क्लबभोवती बसवली, पाखराचे पिल्लू धरावे इतकी सैल, पाय खांद्यांच्या रुंदीवर ठेवले, आणि मी पहिला चेंडू मारून झटकन मान वर केली, ती चेंडूकडे नव्हे, तिच्याकडे.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस गे? चेंडू काय माझ्या तोंडात गेला?"

मग तिने नियम घातला. चेंडू मारून झाल्यावर मान खालीच ठेवायची. जिथे तो होता त्या रिकाम्या मातीकडे पाहत राहायचे. ती विचारणार, "सांग, कोठे गेला?" आणि मी उत्तर देणार. उत्तर दिल्याशिवाय वर बघायचे नाही.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"तुझ्याच हातातून गेला की. शेजारणीला विचारू काय?"

कित्येक दिवस मला खरोखर माहीत नसे. मी काहीतरी बोलायची, मान उचलायची, आणि चेंडू भलतीकडेच असायचा. अक्का तेवढ्यात कोपराला हलके बोट लावून तो अंगाजवळ आणायची, कंबर आधी वळू दे म्हणायची, आणि पुन्हा तोच प्रश्न. शिखराच्या रोखाने मारताना माझे हात आखडत हे पाहून तिने एकदा गंभीरपणे, लाडाच्या तमिळ 'कण्णा'सह, मला अभय दिले, "देवाला लागेल म्हणून भितेस होय? तेवढा लांब तुझा जात नाही, कण्णा." मारून झाल्यावर चेंडू गोळा करायला आम्ही दोघी शेतभर फिरायचो. उन्हाने फाटलेल्या काळ्या जमिनीच्या भेगांत ते जाऊन बसत. आणि लांबवर पांढरा ठिपका पाहून मी हर्षाने धावावे तर तो ठिपका लांब मान काढून उडून जाई. इतके बगळे मी चेंडू समजून उठवले की अखेरीस ते मला पाहताच आपणहून उठू लागले.

आणि एके सकाळी मला कळले. क्लब चेंडूला लागला तेव्हा तळहातांत काहीच जाणवले नाही. सारे अंग जणू पाण्यातून गेले, आणि त्या नाहीपणातून एक स्वच्छ माहिती माझ्या मनगटांत उतरली. मान खाली ठेवूनच मी म्हणाले, "सरळ. शेवटी थोडा डावीकडे. दुसऱ्या बांधाच्या अलीकडे." मी वर पाहिले तर चेंडू तिथेच होता, दुसऱ्या बांधाच्या अलीकडे, थोडा डावीकडे. आणि तो बगळा नव्हता. मला हसू आले, आणि मग कारण नसताना रडू आले. एखादी गोष्ट मला कोणाच्याही चेहऱ्याला न विचारता कळली होती.

लांब मारणे शेतात आणि हलके मारणे खळ्यावर, अशी आमची विभागणी होती. हल्ली मळणी यंत्रे करतात, त्यामुळे खळे उडीद वाळवण्यापुरतेच उरलेले. अक्का ते स्वतः सारवून काचेसारखे गुळगुळीत ठेवी. मधोमध तिने कॉफीचा पितळी टंबलर काठापर्यंत पुरला होता. खऱ्या मैदानावरचे भोक त्याच्या जवळजवळ दुप्पट रुंद असते हे तिने मला मुद्दामच सांगितले नव्हते. खळ्यावर धान्य उतरते, तिथे लक्ष्मी येते, म्हणून तिथे पायात काही घालून कोणी जात नाही. चपला काठावर, जोडीने, बोटे बाहेरच्या बाजूला करून ठेवायच्या आणि मग आत पाऊल टाकायचे. हे मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. आमच्याकडे ते रक्तातच असते.

पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून खळ्याला उतार दिलेला असतो, पण तो इतका अल्प की डोळ्यांना दिसत नाही. अक्का मला त्यावरून सावकाश चालायला लावायची. टंबलरपासून चेंडूपर्यंत आणि परत. "डोळा फसतो गे. त्याला सावली फसवते, काठ फसवतो. पाऊल कशाला फसेल?" मग कधी टाचेवर भार जास्त येतोय असे वाटे, कधी डाव्या पायाच्या करंगळीशी जमीन किंचित दूर गेल्यासारखी लागे, आणि त्याच्या उलट बाजूला तेवढेच झुकते माप देऊन चेंडू सोडला की तो वळण घेत, जणू स्वतःच्या मर्जीने, टंबलरपाशी जाई आणि पितळ वाजे. तो ठण्ण असा नाद माडांच्या बनापर्यंत जायचा.

असे दोन उन्हाळे गेले. पदवीची परीक्षा झाली, आणि अप्पांनी, माझ्या वडिलांनी, एके दिवशी जेवताना शांतपणे सांगितले की हे सारे छान आहे, पण कुठवर? राज्याच्या संघात निवड झाली तर खेळ. नाही झाली तर चेन्नईला मामांकडे राहून बँकेच्या परीक्षेचा क्लास. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते टाळता येण्यासारखे नव्हते. संघात एकच जागा रिकामी होती. तिची निवड एका स्पर्धेवर ठरणार होती, तिरुचीच्या पलीकडे, एका कारखान्याच्या वसाहतीतल्या मैदानावर.

तो पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधीचा आठवडा. सकाळी गवतावर दव, हवेत कुठूनतरी उसाचा रस कढत असल्याचा गोड वास. अक्का काळी छत्री आणि दहीभाताचा डबा घेऊन बरोबर आली होती. मी चांगली खेळले, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण ते मला त्या त्या क्षणी, मान खाली असतानाच कळत होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी आणि कोइम्बतूरची एक उंच, हसरी मुलगी बरोबरीत होतो. शेवटच्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या त्या बारीक कातरलेल्या हिरवळीवर, तिचा चेंडू भोकाच्या काठाला लागून बाहेर थांबला. आता सरळ हिशोब होता. माझा चेंडू एका फटक्यात आत गेला तर निवड माझी. नाही गेला तर तिची, कारण आदल्या स्पर्धांतले तिचे गुण अधिक होते.

मी ग्रीनपाशी आले. कडेला तीस-चाळीस माणसे उभी होती. आणि अचानक त्यांच्यातून हसण्याची एक लाट आली. मला कारण कळेना. मी खाली पाहिले तर माझे दोन्ही बूट, आत मोजे खोचून, ग्रीनच्या काठावर जोडीने ठेवलेले होते, बोटे बाहेरच्या बाजूला. आणि मी अनवाणी हिरवळीत उभी होते. आदल्या साऱ्या ग्रीनवर मी सावध होते. या शेवटच्या क्षणी मन इतके एकाग्र झाले की त्याने मला सरळ अक्काच्या खळ्यावर नेऊन उभे केले.

"ही हिरवळीला कोविल, देऊळ समजली की काय? आता प्रदक्षिणा घालेल बघ," एक बाई तमिळमध्ये म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला.

पंच पुढे आले. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले, बुटांकडे पाहिले, थोडा विचार केला. "नियमांत बुटांचं काही नाही," ते म्हणाले, "खेळा."

पण माझे कान तापले होते. ते पाठांतराचे व्यासपीठ, ते घड्याळ, सारे परत आले. बूट घालायला मागे जावे तर सगळ्यांसमोर वाकून नाड्या बांधाव्या लागणार. बोटे आखडू लागली, आणि मी तेच केले जे आयुष्यभर करत आले होते: एक चेहरा शोधला. अक्का कडुलिंबाखाली उभी होती. तिचा चेहरा मला दिसला नाही. तिने पाठ फिरवली होती. काळी छत्री, टोपीखालून निसटलेली पांढरी वेणी, आणि पाठ.

वाचायला काहीच उरले नाही. तेव्हा, बाहेर कुठे जायला जागा नसल्यामुळे, माझे लक्ष खाली गेले, आणि मला जाणवले की पायांखाली गवत थंड आहे, आणि माझे पाऊल काहीतरी सांगते आहे. डोळ्यांना उतार उजवीकडे वाटत होता, कारण झाडाची सावली तिकडे पडली होती. करंगळी म्हणत होती, डावीकडे. मी भोकापर्यंत सावकाश चालत गेले आणि परत आले. हशा केव्हा थांबला ते मला ठाऊक नाही. भोक वाकून पाहिले तेव्हा मात्र मला जवळजवळ हसू आले. टंबलरच्या मानाने ती विहीर होती, आणि दोन दिवसांत मी ती प्रथमच नीट पाहत होते.

मी पावलांवर विश्वास ठेवला. चेंडू पटरच्या, हलक्या फटक्याच्या क्लबच्या, मधोमध लागला, तळहातांत काहीच जाणवले नाही, आणि मी मान खाली ठेवून, चेंडू होता त्या जागेवर दबलेल्या गवताच्या दोन पात्यांकडे पाहत उभी राहिले. ती पाती हळूहळू सरळ होत होती. आत गेला, हे मला तेव्हाच कळले. तो निम्म्या वाटेवर असेल. मी पितळेच्या नादाची वाट पाहत होते, आणि आला एक साधा, प्लॅस्टिकचा टप असा आवाज. त्यानंतर टाळ्या. कोइम्बतूरच्या त्या मुलीने येऊन मला घट्ट मिठी मारली आणि माझे बूट स्वतः उचलून आणून दिले. प्रदक्षिणेवर बोललेली बाई सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होती. मी मान वर केली होती आणि इतकी माणसे माझ्याकडे पाहत असताना मला कोणाचाही चेहरा वाचायचा नव्हता. मी त्यांच्याकडे नुसती पाहत होते, जसे ऊन किंवा झाडे पाहावीत.

बूट हातात धरून, अनवाणीच, मी कडुलिंबाकडे गेले. इतक्या टाळ्या झाल्या तरी अक्का वळली नव्हती. मला वाटले, हाही तिच्या शिकवण्याचाच भाग. माझ्यासाठी तिने आपला चेहरा काढून घेतला होता. मग मी तिच्या समोर गेले. तिचे डोळे गच्च मिटलेले होते. छत्रीची मूठ तिने दोन्ही हातांनी धरली होती, पाखराच्या पिल्लासारखी सैल मुळीच नव्हे, आणि बोटांची पेरे पांढरी पडली होती. देशभरच्या मैदानांवर हजारोंच्या नजरा झेललेली ही बाई.

माझ्या पावलांची चाहूल तिला लागली असावी. तिने डोळे उघडले नाहीत.

"सांग," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी प्रथमच कापताना ऐकला, "कोठे गेला?"

दोन उन्हाळे तिने हा प्रश्न उत्तर पाहून विचारला होता. आज तिला ते खरोखर माहीत नव्हते; टाळ्या तर कोइम्बतूरच्या मुलीसाठीही असू शकत होत्या. दहीभाताचा डबा छत्रीच्या सावलीत गवतावर ठेवलेला होता, वरून कडुलिंबाची पिवळी पाने एकेक करून गळत होती, आणि ते उत्तर माझ्या एकटीपाशी होते. मी ते लगेच दिले नाही. आणखी एक क्षणभर ते मला स्वतःजवळ ठेवून घ्यावेसे वाटले.