शालिकरामभाऊजींचा राणीछाप

आमच्या शेजारच्या शालिकरामभाऊजींना बायकोच्या भाजीत मीठ नसलेलं कळत नाही, पण रुपयावरची केसाएवढी रेघ कळते. पोस्टातून निवृत्त झालेला हा माणूस अमरावतीत जुन्या नाण्यांचा पारखी. नाणं कडेनं धरायचं, दहाच्या उन्हात खिडकीपाशी फिरवायचं, मग शहाबादी फरशीवर टाकून कान द्यायचा. आणि निकाल: उत्तम, मध्यम, नाहीतर घासलेलं. हे 'घासलेलं' ते असं म्हणत की नाणं आणणाऱ्याला आपण खून केल्यासारखं वाटे. घासून लख्ख केलं की जुन्या चांदीची अंगची कांती जाते, मग ते नाणं मेलं, असं त्यांचं म्हणणं.

अकोल्याच्या नाणे मंडळाच्या प्रदर्शनात दर्जा ठरवणाऱ्याची खुर्ची बावीस वर्षं त्यांची. सगळा जीव त्या खुर्चीत.

पण पाच वर्षांपासून त्यांना काचबिंदू. गेलेली नजर परत येत नसते, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि यांनी घरात लपवलं. मला कसं कळलं? एकदा माझ्या वाळत घातलेल्या साडीला ते "राम राम रामरावजी" म्हणाले. मी पोट धरून हसले. ते हसले नाहीत, तेव्हा कळलं.

"वहिनी, मंडळात कळू देऊ नका," एवढंच बोलले. मी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, ते गिळून बसले.

यंदा मंडळानं संगणक आणला. कॅमेऱ्याखाली नाणं ठेवा, अर्ध्या मिनिटात पडद्यावर दर्जा. अध्यक्ष धर्मपालभाऊंचा फोन आला, "शालिकरामभाऊ, एकदा दोघायची परीक्षा घेऊ. मंग ठरवू, खुर्चीत कोन बसते ते."

आठवडाभर भिंतीपलीकडे फरशीवर खणखण चालू. "त्या डब्ब्यानं हरवलं तं मी कोन हाओ, वहिनी?"

"मनकर्णाबाईचा नवरा!"

"तेवढ्यानं भागत नाई," म्हणाले. माझी थट्टा पहिल्यांदाच खाली पडली.

अकोल्याला मनकर्णाबाईंसोबत मीही गेले; नणंदेला भेटायचं निमित्त होतंच. दहा नाणी मांडली होती. भाऊजींना नळीतून दिसावं तेवढंच दिसे. बाकी काम बोटांचं आणि कानांचं. नऊ नाण्यांवर दोघांचं एकमत. दहावं यंत्रानं 'उत्तम' ठरवलं. भाऊजींनी फरशीवर टाकलं. ठप्प.

"खोटं हाय. साच्यात ओतलेलं."

वजन केलं तर खरंच खोटं निघालं. टाळ्या पडल्या. इथेच थांबायचं ना! पण जिंकलेला वऱ्हाडी माणूस थांबेल तर शपथ. खिशातून त्यांनी वडिलांचा चांदीचा राणीछाप रुपया काढला. वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला ताटात निघणारा, कोणी बोट न लावायचा.

"आता ह्याले पाहा म्हना तुमच्या डब्ब्याले. उत्तम काय असते ते समजन त्याले."

पडद्यावर आलं: घासलेलं. दर्जा नाही.

"आंधयं हाय हे यंत्र!" भाऊजी कडाडले.

धर्मपालभाऊंनी भिंगातून पाहिलं. मग भिंग पुढे केलं. "तुमीच पाहा, भाऊ."

भाऊजींनी भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. अख्खी सभा त्यांच्या तोंडाकडे.

"म्या घासलं," मागून मनकर्णाबाई म्हणाल्या. "चिचेनं. पाच दिवाया झाल्या."

"काहून?"

"तुमाले दिसत नाई हे मले माईत होतं. तुमच्या डोयायसाठी लक्ष्मीले मागून राहिली होती मी. काया पडलेला रुपया कसा ठेवू तिच्यापुढं?"

ती चिंच दर दिवाळीला माझ्याच घरून गेलेली. मला वाटलं, भांड्यांना.

भाऊजी खुर्चीतून उठले. धर्मपालभाऊंचा हात धरून, सगळ्यांदेखत म्हणाले, "पाहाले नाई तं नाई. मले आवाजापुरतं तरी ठेवा." मंडळाशी बोलून कळवतो, म्हणून धर्मपालभाऊंनी हात सोडवून घेतला.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तरी भाऊजी खिशातला रुपया बोटांनी चाचपतच होते.

महिन्यानं धर्मपालभाऊंचा फोन आला. यंत्राला आता कान बसवताहेत. खऱ्या-खोट्या नाण्यांचा आवाज त्याला शिकवायचा, त्यासाठी दोन दिवस याल का? त्यानंतर मात्र माणूस लागणार नाही.

काल सकाळी निघायच्या वेळी मी दारात गेले. राहवलं नाही. "भाऊजी, दोन-चार चुकीचे शिकवून या त्याले. मंग बसा खुर्चीत!"

हसले नाहीत. "नाण्याच्या बाबतीत खोटं बोलनं जमत नाई, वहिनी. ह्याच्यानंतर कोनी बोलावनार बी नाई."

आणि पिशवीसाठी हात पुढे केला. हात हवेत चाचपडत राहिला. आजवर मनकर्णाबाई अशा वेळी वस्तू गुपचूप हाताखाली सरकवत. काल त्या जागच्या हलल्या नाहीत. डोळ्याला पदर लावून, मोठ्यानं म्हणाल्या,

"उजवीकडं."